भांड्यावरचं अक्षर

चोपड्याच्या बाजारात वैशाखाचं ऊन भांड्यांच्या दुकानात शिरलं की पितळ आणि स्टील एकदमच पेटतात, आणि त्या लखलखाटात कुठेतरी एक भुंगा गुणगुणत असतो. भुंगा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याच्या, शांताअक्काच्या, हातातलं नाव कोरायचं यंत्र. लग्नसराईत रुखवताच्या ताटांवर, डब्यांवर, कळश्यांवर ती वर्षानुवर्षं नावं घालत आली. ठिपक्याठिपक्यांनी चालणारं तिचं अक्षर जरा तिरकं, जरा लाडावलेलं. वेलांटी दारातून डोकावणाऱ्या मुलीसारखी, आणि नाव संपलं की पाच पाकळ्यांचं इवलं फूल. अख्ख्या गावाची भांडी तिच्या हातची आहेत.

यंत्राच्या थरथरीने तिची बोटं मात्र हळूहळू बधिर झाली. दुकानाच्या मालकीणबाई मूळच्या राजस्थानच्या, व्यवहाराला पक्क्या आणि मनाने मऊ. सगळे त्यांना भाभी म्हणतात. गेल्या दिवाळीत त्यांनी संगणकावर चालणारं यंत्र आणलं. त्याची अक्षरं कवायतीला उभी केल्यासारखी. बाया ताट उलटसुलट करून म्हणायच्या, ‘हाई ते सरकारी वाटस वं माय!’ अक्का कोपऱ्यातल्या स्टुलावर नुसती बसून राही. काम गेलं त्यापेक्षा आपला हात गेला याचं तिला दुःख होतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

फॉन्ट तयार करणं हा माझा जळगावातला पोटापाण्याचा धंदा. ओळखीच्या घरांतून ताटं-डबे मागून आणले, तिच्या अक्षरांचे फोटो काढले आणि हस्ताक्षरासारखा मोकळाढाकळा फॉन्ट जुळवला. सवयीने रेषा सरळ केल्या. अक्काने पडद्याकडे पाहून मान हलवली.

‘हाई मनं अक्षर नही, पोरी. मनं इतलं सरळ कधी उभं ऱ्हायनं?’

मग सगळा तिरकेपणा परत आणला. एकेका अक्षराची निरनिराळी रूपं ठेवली, कारण माणसाचा हात तेच अक्षर पुन्हा हुबेहूब काढत नाही. फूल तेवढं राहिलं होतं.

‘फूल मशीनमा टाकू नको,’ ती म्हणाली. ‘ते मी काढसू.’

आता यंत्र तिच्याच अक्षरात नाव लिहितं आणि ताट फुलासाठी अक्कापुढे सरकतं. फूल जरा थरथरतं, एखादी पाकळी निसटते, तरी बाया तेच मागतात. भाभींनी स्टूल काढून तिला गादीची खुर्ची दिली आहे. फॉन्टही गाव सोडून हिंडू लागला. लग्नपत्रिकांवर उतरला, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या फलकावर चढला. परवा धुळ्याच्या बसस्थानकात केळीच्या वेफर्सच्या पाकिटावर तिची वेलांटी दिसली, आणि भर गर्दीत माझे डोळे भरून आले.

कधीतरी अक्का नसेल आणि नावापुढची फुलाची जागा मोकळी राहील. पण आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. काळ अक्काला नेईल, त्याला कोण अडवणार. पण तिचं भांडं त्यालाही रिकामं परत करता येणार नाही, तिचं अक्षर त्यात राहीलच.