हाताचा वास

टफी कुत्र्याचे दात वैजयंताबाईंच्या मनगटात रुतले, तरी त्यांनी हात ओढला नाही. ओढला की मांस फाटतं, हे त्या आठ वर्षांच्या धंद्यात शिकल्या होत्या. टफीनं आपणहून जबडा सोडला आणि मागचे पाय फरफटत तो पलंगाखाली गेला. लादीवर रक्त आणि मूत एकत्र झालं.

"बघितलंत? पिसाळलाय तो," टफीचा मालक कौस्तुभ म्हणाला.

बाईंनी पदर मनगटाला गुंडाळला. पेणकरपाड्यात त्या पूर्वी बाळंतिणींना मालिश करायच्या. बायका पार्लरची वाट धरू लागल्या, तेव्हा बाईंच्या वाट्याला मालिशसाठी म्हातारी कुत्री आली. जनावरांच्या एका डॉक्टरांनी त्यांना दुखऱ्या सांध्याभोवती अंगठा कसा फिरवायचा आणि खोबरेलात लव्हेंडरचे थेंब किती टाकायचे ते शिकवलं. एक रीत मात्र बाईंची स्वतःची होती. तेलाचा तळवा आधी कुत्र्यापुढे धरायचा. त्यानं हुंगून तळव्यावर हनुवटी टेकली, तरच अंगाला हात लावायचा. "बाळंतीण बोलती तरी. ह्या मुक्या जिवाला इचाराया नको का?" असं त्या म्हणत.

हाटकेश भागातल्या या फ्लॅटमध्ये टफी आठ महिने दर बुधवारी हनुवटी टेकत आला होता. आज त्याच वासाला तो चावला. दातांपेक्षा बाईंना तेच जास्त लागलं.

त्यांनी लादीवर आडवं होऊन पलंगाखाली मोबाइलचा उजेड टाकला. टफीच्या खुब्यावर, सांधा झिजला होता नेमका तिथे, दोन बोटं रुंद वळ होते. एकावर एक उमटलेले.

"पट्ट्याचे हायेत हे."

"जिन्यावरून पडला तो."

"जिना काय पट्टा बांधून बसतो का, साहेब?"

कौस्तुभची बायको क्षितिजा दारातच उभी होती. "मावशी, टफीला वेळेवर उठता येत नाही. हॉलमध्येच सू होते. मग कौस्तुभचं डोकं फिरतं."

"सोफा कुजला अख्खा," कौस्तुभ म्हणाला. "वर आणि पलंगाखाली लपून बसतो. मग काय, तुमचं ते तेल हाताला चोळलं की येतो बरोबर बाहेर."

बाईंना क्षणभर कळलंच नाही. तेलाची बाटली त्या कुणाच्या घरी ठेवत नसत. टफीवर जीव जडला, म्हणून रविवारी घरच्यांनी चोळावं, यासाठी इथे ठेवली होती. त्या वासामागे टफी सरपटत येत होता, हनुवटी टेकत होता, आणि वरून पट्टा पडत होता. बाईंना स्वतःची शिसारी आली.

"माज्या तेलानं बोलावून मारलं त्याला?"

"कुत्रा माझाय, मावशी. आणि आता चावतोय पण. उद्या चेण्याच्या जंगलात सोडून येतो."

त्यानं खुंटीवरचा पट्टा ओढला आणि पलंगाखाली हाणला. टफी केकाटला. दुसऱ्या फटक्याला बाई मध्ये सरकल्या. बक्कल त्यांच्या कोपरावर बसलं आणि हात खांद्यापर्यंत बधिर झाला. तिसऱ्या फटक्याला त्यांनी चावलेल्या हातानंच पट्टा धरला आणि असा हिसडा दिला, की कौस्तुभ घसरून मुतात दोन्ही गुडघ्यांवर आदळला. तिथेच विव्हळत राहिला.

"लागलं?" बाईंनी विचारलं. "सांध्यावरच लागलं आसंल."

क्षितिजानं पलंगावरची चादर ओढली. नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "मावशी, तुम्ही पुढून धरा."

दोघींनी टफीला चादरीच्या झोळीत घालून रिक्षात चढवलं. वाटेत बाईंनी दवाखान्यात कुत्रा चावल्याची सुई टोचून घेतली.

आपल्या घरी पोहोचल्यावर त्यांनी लव्हेंडरची बाटली मोरीत पालथी केली. भांड्यांच्या साबणानं तीनदा हात धुतले. जखम झोंबली, पण आठ वर्षं मुरलेला वास जाईना. त्यांनी हात नुसता पुढे केला, तरी टफी भिंतीला चिकटून थरथरला.

मग त्या पाय पसरून जमिनीवर बसल्या. दोन्ही हात पाठीमागे घेतले.

बऱ्याच वेळानं टफी सरपटत आला. त्यानं बाईंचं पाऊल हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि त्यावर हनुवटी टेकली.

बाईंनी हात पाठीमागेच ठेवले.