भिंतीत कापलेलं दार

सकाळी थोरल्या दिरांनी स्वयंपाकघरात एक रुंद फळी आणून टाकली. "पाण्याच्या पिंपावर झाकण होईल," म्हणाले. धाकट्या सुनेने ती पुसायला घेतली आणि तिचा हात थांबला. कडेला पेन्सिलीने लिहिले होते, 'येथे छेद नको.' अक्षर तिच्या नवऱ्याचे होते.

बोटी बांधणाऱ्या या घरात बोटीचे पोट आखायचा तो, आणि मापे पडताळायची ही. पोटात दोन आडव्या भिंती, तळापासून डेकपर्यंत अखंड. पुढे भोक पडले तरी पाणी पुढच्याच खणात कोंडते आणि मागचे दोन खण बोट तरंगती ठेवतात. बोट अर्धी असताना तो तापाने गेला. मग हे सगळे तोंडपाठ असलेल्या बाईला कारखान्याचा उंबरा बंद झाला. विधवेची सावली नव्या बोटीवर नको, एवढे शहाणपण या घराकडे होते.

"भाऊजी, पुढची भिंत कापलीत?"

"दार ठेवलंय. खलाशांनी दर वेळी वर चढून पलीकडे उतरायचं का?"

"पुढे फुटली तर त्याच दारातून पाणी मधल्या खणात येईल. दोन खण भरले की बोट राहत नाही."

"तो जरा जास्तच भित्रा होता," दीर म्हणाले. "आणि तू यात तोंड घालू नकोस."

काही दिवसांनी बोटीच्या पहिल्या फेरीला धाकटीची आठ वर्षांची मुलगी चिमी काकांबरोबर निघाली. धाकटी तिचा हात सोडेना. "हिला नेऊ नका, पाया पडते."

"चांगल्या दिवशी रडगाणं नको," म्हणत जाऊबाईंनी तिला मागच्या खोलीत घातले आणि बाहेरून कडी लावली. जाऊबाई दुष्ट नव्हत्या. आपण बोटीचे भलेच करतो आहोत, असे त्यांना मनापासून वाटत होते.

दुपारी बोट खडकाला घासली. पुढच्या खणाला वीतभर भोक पडले, एवढेच. बाकीचे काम दाराने केले. मोठी माणसे पोहून आली. चिमी आली नाही.

कडी काढायला दीर ओल्या कपड्यांनीच आले.

"दारातूनच आलं ना पाणी?" धाकटीने विचारले.

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

महिन्याभराने पुढच्या बोटीच्या भिंती उभ्या राहिल्या. धाकटी ती फळी काखेत घेऊन सगळ्यांदेखत कारखान्यात शिरली. कोणी अडवले नाही. "दार ठेवायचं का?" दिरांनी खाली बघत विचारले.

"नाही."

आता तिने पोट तपासल्याशिवाय तिथली एकही बोट पाण्यात उतरत नाही. लोक तिला मान देतात. हाच मान तिला एक महिना आधी मिळाला असता, तर चिमी यंदा चौथीत गेली असती.