न मोडलेली सायकल

हवालदार किसनराव घंटी वाजवत दारात उतरला, तेव्हाच जयवंताच्या मनात पाल चुकचुकली. पोलीस, आणि एवढा गोड हसतो?

"घ्या बाई, तुमच्या मालकाची सायकल. केस मिटली." त्यानं तिच्या कडेवरच्या लहानग्या लेकीच्या, शालूच्या मुठीत रेवडी कोंबली. जयवंतानं मूठ उघडून ती काढून घेतली.

तिचा नवरा शेषराव अमरावतीच्या एका साप्ताहिकाचा वार्ताहर. कोठडीत मार खाऊन मेलेल्या मजुराची बातमी त्यानं छापून आणली, आणि आठवड्याच्या आत मोझरीच्या रस्त्यावर तो स्वतःच मेलेला सापडला. पंचनाम्यात लिहिलं होतं: ट्रकची धडक, सायकलचा चुराडा. जयवंतानं मुंबईला गृहखात्याकडे चार अर्ज केले. चारही वेळा उत्तर एकच. अपघात.

"पावती तुमच्याच हातची पाहिजे म्हणे साहेबाले," किसनराव म्हणाला. "बाई बी.ए. आहेत, स्वतः लिहिलं म्हणजे मागून म्हणता येत नाही का मले समजलंच नाही. लिहा: मोडकी सायकल मिळाली, काही तक्रार नाही."

सासरे जानराव ओट्यावरून कळवळले. "लिहून दे माय. यायच्याशी वैर कोणाले पुरलं? नातीले तरी जगू दे."

भीती तिलाही तीच होती. दोन महिने ती शालूला अंगणातही एकटं सोडत नव्हती. पण तिनं सायकलीभोवती एक चक्कर मारली. चाकं सरळ, हँडल सरळ, रंगाचा टवका उडालेला नाही. हवालदार मात्र घामानं निथळत होता.

"ठाण्यापासून चालवतच आणली का हो?"

"मंग! मक्खन चालते." बोलून गेला, अन् जीभ चावली.

जयवंता खाली बसली. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागली, "माझ्या पतीची सायकल हवालदार किसनराव यांनी आज स्वतः चालवत आणली. एक ओरखडाही नाही..."

"हे काहून लिहून राहिल्या?" त्यानं कागदावर झडप घातली. तिनं हात मागे घेतला.

"मी पायलं न बाप्पा!" शेजारच्या लीलाबाई दारातून ओरडल्या. "घंटी वाजवत आला, नवरदेवावाणी!"

जानराव कधी उठले ते कळलंच नाही. "आण पोरी. साक्षीदार म्हणून माही सही घे." लीलाबाईंनी अंगठा उठवला.

"साहेबालेच घेऊन येतो!" म्हणत किसनराव पायीच पळाला.

म्हाताऱ्यानं सायकल घरात ओढली, कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसला. "ते यायच्या आत निघ."

"हे जोडून पाचवा अर्ज मुंबईला धाडते, पण इथून नाही टाकत मामाजी. पोस्टमन रोज ठाण्यात चहा पितो. अकोल्याहून रजिस्टर करते."

अकोल्याच्या मोटारीत बाजूला बसलेल्या बाईनं कुठं निघालात म्हणून सहज विचारलं, तर तिनं माहेरी म्हणून सांगितलं आणि पोलक्यातला कागद चाचपला. अकोल्याच्या पोस्टात बाबूनं पाकीट उचलून बाजूला ठेवलं.

"बाजूला नको. शिक्का माझ्यासमोर मारा. आणि पोचपावती जोडा."

"विश्वास नाही का सरकारवर, ताई?"

 शालू खांद्यावर झोपली होती. पाकीट टपालाच्या पिशवीत पडून तिचं तोंड बांधून होईपर्यंत जयवंता खिडकीपासून हलली नाही.