अंबाडीचे शेंडे

शेजारणीच्या अंबाडीचे शेंडे सुमित्राबाईंनी खुडले, तेव्हा जुलैचं ऊन नुकतं चढत होतं. परभणीकडची बाई. अमेरिकेत शुगर लँडला लेकाकडं येऊन तीन महिने झाले, पण अंबाडीची भाजी काही तोंडाला लागली नव्हती. कुंपणापलीकडं लाल देठांची झाडं डोलताना दिसली आणि हात आवरला नाही. पदर भरून खुडलं.

शेजारीण मिस व्हर्ना बाहेर आली ती कमरेवर हात ठेवूनच. जमैकाची बाई, साठी उलटलेली, आवाज खणखणीत. लेक निमिष घरातली मीटिंग अर्धी टाकून धावला.

“आई, त्या पानांसाठी लावत नाहीत गं. बोंडं उकळून, आलं घालून सरबत करतात. खोकल्याला, बीपीला घेतात. ख्रिसमसला त्यांचं अख्खं चर्च येतं प्यायला. सॉरी म्हण, यार.”

“काहून? शेंडा खुडल्याबिगर अंबाडी फुटंल का? सांग तिला, आता दुप्पट बोंडं लागतेत.”

निमिषनं व्हर्नाला इंग्रजीत नुसतं सॉरी सांगितलं.

“तुझी आई एवढं बोलली आणि त्याचं एवढंसंच झालं?” व्हर्नानं विचारलं, आणि दार लावून घेतलं.

तीन महिने अबोला. रोज सकाळी दोघी आपापल्या अंगणातून त्या झाडांकडं बघायच्या. सुमित्राबाई मनात म्हणायच्या, माय, फूट गं, माझी लाज राख.

झाडं फुटली. ऑक्टोबर सरता सरता फांदीफांदीला बोंडं लगडली, तशी व्हर्ना दोन बादल्या घेऊन दारात उभी राहिली. “मॅडमला बोलाव,” ती निमिषला म्हणाली. “मला एकटीला आवरत नाही.”

दोघींनी बसून बोंडं सोलली. व्हर्ना झाडांच्या उरलेल्या काठ्या फेकायला निघाली, तर सुमित्राबाईंनी त्या हिसकावून टबात भिजत घातल्या. दहा दिवस घरभर वास. मग सालीचा वाख, लांब लांब धागे, सुटला आणि मांडीवर वळून त्यांनी हातभर दोरी केली. व्हर्नानं ती ओढून बघितली, पण तुटते कुठं.

तिनं लालभडक सरबताचा ग्लास पुढं केला. सुमित्राबाईंनी अर्धा संपवला.

“आई, थांब. त्यात रम असते.”

सुमित्राबाईंनी ग्लासाकडं बघितलं, मग व्हर्नाकडं.

“औषध अर्ध्यात सोडलं तर गुण येत न्हाई,” त्या म्हणाल्या, आणि उरलेलं घोटाघोटानं प्यायल्या.