एकच मूल

रविवार, ८ फेब्रुवारी २०२६. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे झाली, तोवर गिरीशरावांनी सुनेला अकराव्यांदा थांबवले होते.

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, देवयानीच्या परीक्षेची तयारी चालली होती. शनिवारी परीक्षकासमोर दहा मिनिटे इंग्रजीत बोलायचे. या देशात कायम राहण्याचा तिचा अर्ज त्यावरच अडला होता. नवरा नील नोकरीसाठी दूर ब्रॅकनेलला, म्हणून शिकवणी सासऱ्यांकडे. पॉलिटेक्निकात यंत्रविद्या शिकलेल्या गिरीशरावांनी भिंतीवर अनेकवचनांचे कोष्टकच टांगले होते : ‘एस’ घेणारी नामे, ‘ईएस’ घेणारी, आणि तांबड्या शाईत बेशिस्त मंडळी. फूटचे फीट, माउसचे माइस, शीपचे मात्र शीपच.

“या भाषेचं ड्रॉइंग पास तरी कुणी केलं!” ते करवादले. “फूट्स नव्हे गं, फीट! पुन्हा.”

शब्द पाठ होते. पण तोंड उघडले की देवयानीची नजर भिंतीकडे जाई आणि वाक्य अर्ध्यावरच अडे.

“बरं, मी परीक्षक. घरच्यांविषयी सांग.”

आणि ती चक्क सुरळीत बोलू लागली. वन सिस्टर. वन फ्रेंड. वन चाइल्ड, परीक्षित.

गिरीशरावांची मान समाधानाने डोलणार, तोच जिन्यावरून सात वर्षांची वरदा तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत किंचाळली, “आई खोटा बोलला! मग मी कुठे गेला?”

“अगं, तुला तीन बहिणी, दोन मुलं!” गिरीशराव म्हणाले.

“माहीत आहे, बाबा,” देवयानीचा आवाज चढला. “पण एकच म्हटलं की तुम्ही मध्ये बोलत नाही.”

बोल्ट जास्त आवळला की आटे जातात, हे जन्मभर कारखान्यात पोरांना बजावणारे गिरीशराव उठले. धुमसतच त्यांनी कोष्टक उतरवले, खडीसाखरेचा भलाथोरला खडा तोंडात कोंबला आणि हातानेच खूण केली : बोल.

“आय हॅव टू चाइल्ड्स...”

खडा कडकन फुटला. वरदा खुदखुदली. देवयानीने रिकाम्या भिंतीकडे पाहिले. मग बाथरूमवरून दोन्ही मुलांचे रोज सकाळी होणारे भांडण तिने हातवारे करून शेवटापर्यंत सांगितले.

शनिवारी ती परीक्षेहून परतल्यावर गिरीशरावांनी दारातच विचारले, “चिल्ड्रन म्हणालीस ना?”

“नाही, बाबा. पण दोघांचंही सांगितलं.”

त्यांनी कपाळावर हात मारला.

बुधवारी निकाल आला : उत्तीर्ण. अडलेल्या अर्जात देवयानीने लिहिले, मुले : दोन.