मोठ्या माशाचा तुकडा

सासूबाई मासळीबाजारात मासे कापायच्या. बावीस वर्षं एकाच ओट्यावर. एके सकाळी गिऱ्हाईकच म्हणालं, "मावशी, रक्त येतंय." अंगठा खोल कापला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता.

बोटं दोन-तीन महिने बधिर होती. बर्फात हात असतात, चालायचंच, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. टाके घालताना डॉक्टरबाईंनी विचारलं, "जेवणात काय असतं?"

"मासे. ट्यूना, मुशी, असल्या मोठ्या माशांचे उरलेले तुकडे मालक आम्हाला देतो."

"रोज?"

"बाजार बंद असला की आदल्या दिवशीचे."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. आठवड्यानं रिपोर्ट आला. रक्तात पारा, मर्यादेच्या कितीतरी वर.

"समुद्रातला पारा बारक्या माशांत थोडाच असतो," त्या म्हणाल्या. "मोठा मासा वर्षानुवर्षं त्यांना खातो, त्याच्यात तो साठत जातो. मोठे मासे बंद करा, हळूहळू उतरेल. घरात आणखी कोण खातं?"

"सून," सासूबाई म्हणाल्या. सून सातव्या महिन्यात होती. दोन जिवांची आहेस, म्हणत त्या रोज तिच्या ताटात चांगल्यातला तुकडा वाढत होत्या.

घरी सून कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"बाळाला काय होईल?"

"मेंदूवर परिणाम होऊ शकतो म्हणाल्या. होईलच असं नाही."

"मी नको म्हणत होते, आई." आवाजात राग नव्हता. ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

सुनेच्या रक्तातही पारा जास्तच निघाला. मुलगी झाली, वजन चांगलं, रडणं खणखणीत. तरी डॉक्टरबाई म्हणाल्या, बसणं, चालणं, बोलणं वेळेवर होतंय का ते बघत राहू.

नात आता आठ महिन्यांची आहे, अजून आधाराशिवाय बसत नाही. "मुलं मागेपुढे बसतात," असं मुलगा म्हणतो. सून उशीचा टेका काढून तिला पुन्हा बसवून बघते.

बाजारात पोटुशी बाई आली की सासूबाई हळूच सांगतात, "हा नको, बारके घे." मालकाच्या कानावर गेलं.

"माझा धंदा बसवणार का?"

"बसू दे," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाईलाही तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर दुसरीच बाई बसली होती.