भिंतीकडची जागा

साईनाथला स्वतःच्या कामाची तारीफ करायची खोड होती. धसईच्या बाजारात, भातगिरणीच्या मागे त्याची पत्र्याची शेड. तिथे खुर्चीचा मोडका पाय बसवून घ्यायला आलेल्या माणसालाही तो आपलं नवं कपाट उघडून दाखवल्याशिवाय सोडत नसे. हातात कसब होतं, म्हणून लोक ऐकून घेत आणि मागे हसत. तर अशा या साईनाथनं नव्याण्णव साली दिवाळीनंतर धाकट्या बहिणीसाठी एक पलंग केला, आणि त्या पलंगानं त्याला जन्माची अद्दल घडवली.

बहीण सरिता वाशिंदला राहायची. नवरा शेखर तिथल्याच कारखान्यात, पाळीवर. जागा म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि पाय ठेवण्यापुरती गॅलरी. त्यात सासरे चांगोआबा हट्टाचे. ते राहायचे धसईजवळच्या गावात, भात स्वतः पिकवायचे. "माझी कणगी भरलेली असताना माझी नात दुकानचा तांदूळ खानार नाय," असं म्हणून दरवर्षी पोती आणून टाकायचे. ती पोती खोलीच्या कोपऱ्यात, त्यांच्यावर पांघरुणं, पांघरुणांवर लेकीचं, समीक्षाचं दप्तर, आणि सगळ्यांच्या खाली उंदीर. सरिता रडकुंडीला आली होती.

साईनाथ गेला, खोली बघितली आणि खडू काढला. फरशीवर त्यानं पलंग आखला. दिवसा भिंतीलगत दिवाण. रात्री पुढची फळी ओढली की खालचे पाय उलगडणार आणि दिवाणाचा दुप्पट रुंद पलंग होणार. भिंतीकडचा अर्धा भाग म्हणजे पेटी, पेटीत वर्षाचा तांदूळ. कोणी कुठे झोपायचं हेही त्यानंच ठरवलं. बाहेरच्या बाजूला मोठी माणसं, भिंतीकडे पोर, म्हणजे पडायची भीती नको. सहा वर्षांच्या समीक्षाला फरशीवर आडवं करून त्यानं तिच्याभोवती खडूनं रेघ मारली. तिला गुदगुल्या झाल्या आणि ती हसत सुटली.

पलंग झाला देखणा. आळीतल्या बायका बघायला आल्या. चांगोआबांनी पेटीवर टिचकी मारून विचारलं, "उंदराचं काय?"

"आबा, उंदीर सोडा, मुंगी शिरायची नाय. एकदम पॅक."

खरं म्हणजे एकदम पॅक नव्हतीच ती. पेटीच्या वरच्या फळीला, बरोबर गादीच्या खाली, साईनाथनं बोट जाईल एवढी भोकं पाडली होती आणि आतून बारीक जाळी मारली होती. पावसाळ्यात कापसाची गादी कुबट होते, तिला खालून वारा लागायला हवा. विचार चांगलाच होता. पण बढाई मारताना भोकांची गोष्ट कोण काढतो? साईनाथनंही काढली नाही.

जानेवारीतली सकाळ होती, बाजाराचा दिवस. वालाच्या शेंगांच्या पाट्या घेऊन बायका चालल्या होत्या. साईनाथ रंधा मारत होता, तेवढ्यात चांगोआबा कानटोपी सारखी करत शेडमध्ये आले आणि ओंडक्यावर बसले.

"काल वाशिंदला जाऊन आलो. तांदूळ भरला तुझ्या पेटीत."

"मावला?"

"मावला न् वर जागा उरली. माझा पोरगा बोलतो, आबा, माझा मेहुणा कारागीर हाय." म्हातारा खूश होता. "या टायमाला कीड लागायची नाय बघ. गोळ्या पन टाकल्यात."

रंधा थांबला. "कसल्या गोळ्या?"

"त्या रे, खताच्या दुकानातल्या. कणगीत टाकतो त्याच. फडक्यात बांधून चारी कोपऱ्यांत ठेवल्या."

साईनाथच्या डोळ्यांपुढे एकदम कोंबडी आली. तो लहान असताना त्यांच्या घरी कणगीत अशाच गोळ्या टाकायचे, विषारी वायू सुटणाऱ्या. आई सगळ्या पोरांना अंगणात हाकलायची, कोठीचं दार लावून घ्यायची आणि कितीतरी दिवस तिकडे कोणाला फिरकू द्यायची नाही. एका वर्षी एक खुडूक कोंबडी तिच्या नजरेतून सुटली. कणगीच्या आडोशाला अंड्यांवर बसलेली. दार उघडलं तेव्हा ती तशीच बसलेली होती, पंख पसरून, मेलेली. आईनं तिला हातसुद्धा लावू दिला नव्हता.

"आबा," त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना, "त्याच्यावर माणसं झोपतात."

"ठाव हाय मला. मी काय येडा हाय?" आबा जरा रागावलेच. "कणगी उघडी असते म्हनून वास बाहेर येतो. तुझी पेटी पॅक हाय. तूच बोल्लास ना, मुंगी शिरायची नाय?"

साईनाथनं रंधा टाकला. तो धावत चौकातल्या एसटीडी बूथवर गेला. सरिताच्या बिल्डिंगखाली किराणा दुकान होतं, तिथला नंबर लावताना त्याचं बोट दोनदा चुकलं. दुकानदार म्हणाला, थांबा, बघून येतो. ते थांबणं साईनाथला सोसेना. रात्रभर थंडी होती. थंडीत सरिता खिडक्या घट्ट लावून घेते, गॅलरीच्या फटीतसुद्धा फडकं कोंबते, हे त्याला माहीत होतं.

"दाराला कुलूप हाय," दुकानदार परत येऊन म्हणाला. "पहाटे रिक्षा आली होती म्हनतात. कोनाला तरी..." आणि लाइन कट झाली. पुन्हा लावली, लागली नाही.

कुलूप. कुलूप बाहेरून लावावं लागतं, म्हणजे लावणारा हातीपायी धड होता, एवढाच धागा त्याच्या हाती राहिला. पण रिक्षात कोणाला घातलं? भिंतीकडे कोण झोपतं, हे त्याच्याइतकं चांगलं कोणाला माहीत होतं? जागा त्यानंच आखून दिली होती, खडूनं.

त्यानं मोटरसायकल काढली. आबा न विचारता मागे बसले. सरळगाव मागे पडलं, किन्हवलीचा रस्ता लागला. खड्डे दिसत होते तरी तो चुकवत नव्हता. बांधावरचे आंबे मोहरले होते. जीव नुसता टांगणीला लागला होता. तो देवाला काही मागायला जाई आणि मागता मागता अडखळे. पोरगी वाचू दे म्हणावं, तर मग रिक्षात सरिता होती असं मागितल्यासारखं होई.

"पेटी पॅक हाय ना रे?" आबा पाठीमागून विचारत. थोड्या वेळानं पुन्हा, "पॅक हाय ना?"

किन्हवली ओलांडल्यावर साईनाथला राहवलं नाही. "आबा, वरच्या फळीला भोकं हायत. गादीला वारा लागावा म्हणून मीच पाडली. तुमाला बोललो नाय."

आबांचा हात त्याच्या खांद्यावर होता, तो गळून पडला. नंतर वाशिंद येईपर्यंत म्हातारा सीटची मागची कडी धरून बसला.

जिन्यातच शेजारच्या रत्नप्रभाताई भेटल्या. हातात पेजेचं भांडं. "बरं झालं तुम्ही आलात. सरिता पहाटे पाणी भरायला उठली आणि नळाशीच पडली. उलट्या थांबेनात. शेखर तेव्हाच पाळीवरून आले, तिला शहापूरच्या दवाखान्यात घेऊन गेले. रात्री सुके बोंबील केले होते, ते बाधले असं म्हणतात."

"समीक्षा?"

"तिलाही एक उलटी झाली होती, पण तपासून त्याच रिक्षानं परत पाठवली, घराची किल्लीही दिली. माझ्याचकडे होती. फार पेंगत होती, म्हणून आत्ताच तिला तिच्या पलंगावर झोपवलं. दार ओढून घेतलंय, थंडी लागायला नको..."

पुढचं साईनाथनं ऐकलंच नाही. दार ढकलून तो आत घुसला. बंद खोलीतला वास त्याच्या नाकात शिरला, लसूण कुजल्यासारखा. पलंगावर, भिंतीकडे, गोधडीचा उंचवटा होता. लहान मुलाएवढा. त्यानं गोधडी ओढली. खाली उशी होती, नुसती उशी.

"समीक्षा!" तो ओरडला. तो असा ओरडला की खालच्या मजल्यावरची माणसं बाहेर आली.

ती गॅलरीत होती. गॅलरीचं दार तिनं आपल्या बळानं अर्धवट उघडलं होतं आणि बाहेर, धुण्याच्या बादलीशेजारी, आईची शाल पांघरून ती अंगाचं मुटकुळं करून बसली होती. डोळे उघडे होते. साईनाथनं तिला उचललं तेव्हा आपण काही चुकीचं केलं असं वाटून ती घाबरली. "मला तिथे नाय झोपायचं," ती म्हणाली, "तिथे वास येतो."

साईनाथनं तिला छातीशी धरलं आणि तो हमसून रडला. मग रत्नप्रभाताईंना त्यानं तुटक शब्दांत सगळं सांगितलं. दार-खिडक्या सताड उघडायला लावल्या, शेजारच्या घरांतली पोरं खाली पाठवायला लावली, आणि पेटीला कोणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं. आबा जिन्यातच उभे होते, कठडा धरून. वर यायला ते धजत नव्हते.

मघाशी ते शहापुरातूनच आले होते. सरिता जिथे होती त्या दवाखान्यावरून, तिच्याकडे न बघता, दोघं पुढे निघून आले होते. आता तोच रस्ता उलटा. डॉक्टर बोंबलांवर औषध देत असतील, ही नवी भीती साईनाथच्या मानेवर बसली. समीक्षा पुढे टाकीवर, आबा मागे, आणि मध्ये तो. दवाखान्यात शिरल्याबरोबर त्यानं डॉक्टरांचा हात धरला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "साहेब, बोंबील नाय. गोळ्या. धान्याच्या गोळ्या."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. धावपळ झाली, ऑक्सिजन आणला, कल्याणला न्यावं लागलं तर म्हणून गाडी दारात आणून ठेवली. पाण्याच्या वेळेला उठली नसती तर उठलीच नसती, असं ते शेखरला म्हणाले. ऊन उतरेपर्यंत शेखर आणि साईनाथ एकाच बाकावर बसून राहिले. शेखरनं मेहुण्याला दोष दिला नाही. दिला असता तर साईनाथला बरं वाटलं असतं.

दिवे लागायच्या सुमारास डॉक्टर म्हणाले, धोका टळला असं समजायला हरकत नाही. साईनाथ समीक्षाला घेऊन आत गेला. सरिताचे ओठ कोरडे पडले होते. भाऊ दिसल्यावर ती कसनुसं हसली.

"दादा, तुझ्या भाचीनं रात्री जीव नको केला," ती सावकाश म्हणाली. "वास येतो, वास येतो. मी बोलले, नव्या लाकडाचा असेल. ऐकेना, तेव्हा धपाटा घातला. मामानं एवढ्या हौसेनं केलाय न् तू नावं ठेवतेस? मग काय, तिला बाहेरच्या बाजूला घेतलं न् मीच तिच्या जागेवर झोपले."

साईनाथ खाली बघत राहिला. समीक्षानं त्याची हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं. धपाटा तिच्या अजून लक्षात होता.

"मामा, वास येत होता ना?"

"येत होता, बाय. तू खरं बोलत होतीस."

"मग आईला सांग ना."

सरिता दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. तिला अजून काहीच माहीत नव्हतं. साईनाथ तिच्या उशाशी टेकला आणि भोकांपासून सांगायला लागला.